मना बैल कोठे शे?

शनिवारची सकाळची शाळा सुटली, मुलं घरी गेली, आणि मी दुसरीच्या वर्गातले ४१ बैल एकेक करून घमेल्यात टाकले आणि मळून काढले. त्याआधी त्यांची शिंगं उपटली. शिंगं बाभळीच्या काट्यांची होती, मळताना हाताला टोचली असती. काटे पुन्हा उपयोगी पडतील म्हणून जुन्या वहीच्या पानावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. मग मातीवर पाण्याचा हबका मारला आणि भाकरीचं पीठ मळतो तशी ती मळली. अर्ध्या तासात घमेलंभर मऊसूत गोळा झाला. त्यावर ओलं पोतं टाकून मी घरी गेले.

हे १९८९ सालचं. गिरणेच्या काठच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेव्हा शिकवत होते. पोळा तोंडावर आला होता. आमच्याकडची जमीन काळी. काळ्या मातीचा बैल ओला असेपर्यंत देखणा दिसतो, पण वाळताना ती माती इतकी आक्रसते की पोटाला, मानेला भेगा पडतात आणि पाय गळून पडतात. म्हणून गावातल्या कुंभारकाकांनी तळ्याचा गाळ, चाळलेली राख आणि घोड्याची लीद एकत्र भिजवून, पायांनी तुडवून माती करून दिली होती. एकच घमेलं. सोमवारी तिसरीच्या मुलांना तीच लागणार होती. दुसरीच्या मुलांनी बैल केले, एकमेकांचे पाहिले, हात बसला. आता माती मोकळी करायची, एवढाच माझा हिशेब होता. कार्यानुभवाच्या नोंदवहीत 'मातीकाम, प्राणी' असं लिहून मी तारीखही घातली होती.

सोमवारी प्रार्थनेआधीच एक मुलगा दारात उभा. हातात रिकामा पितळी डबा, त्यात तळाशी गवत पसरलेलं. बैल घरी न्यायला तो डबा घेऊन आला होता.

"बाई, मना बैल कोठे शे?"

मी पोतं उचललं. "हा काय, यातच आहे. आता परत करू आपण."

तो गोळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाई ते माटी शे." आणि पुन्हा, अगदी हळू, "मना बैल?"

मी काहीतरी समजावत राहिले. त्याचं लक्ष नव्हतं. तो खिडकीपाशी गेला, त्या सत्तर-ऐंशी काट्यांतून बोटानं चाळत त्यानं दोन वेचले आणि माझ्यासमोर धरले. एका काट्याचं टोक बोथट होतं. मारक्या बैलाच्या शिंगाची टोकं कापतात, हे त्यानं पाहिलेलं होतं, म्हणून शनिवारी त्यानं ते दगडावर घासलं होतं. त्याचा बैल मारका होता. हे मला तेव्हा कळलं, बैल नसताना.

त्याचे वडील सालदार होते. वर्षाचे बाराही महिने दुसऱ्याच्या बैलांची वैरण-पाणी करणारा माणूस. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करायची ती मालकाच्या बैलांची, झूल घालायची ती मालकाच्या बैलांवर, आणि संध्याकाळी घरी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायला दावणीला काही नाही. ज्याच्या घरी बैल नाही तो मातीचा बैल पुजतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या वर्षी त्या घरात पूजेला त्या मुलाचा बैल ठेवायचं ठरलं होतं. मी तो मळून टाकला होता.

पोळ्याच्या संध्याकाळी कुंभारकाकांकडून एक जोडी विकत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. रंगवलेली, बेगड लावलेली, चारही पाय सरळ असलेली जोडी. आईनं ती पाटावर मांडली, हळद-कुंकू वाहिलं, मला पोळी खाऊ घातली. मुलगा पाटाजवळ बसला होता, पण हात जोडत नव्हता. आईनं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हाऊ कुंभारना शे."

त्यानंतर २३ वर्षं मी मुलांकडून मातीकाम, कागदकाम करून घेतलं, चिंचोके आणि सीताफळाच्या बिया चिकटवून घेतल्या, ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करवल्या. त्या मुलाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. बैल होता. आता नाही. माती तेवढीच आहे, तोळाभरही कमी नाही. मग गेलं काय? आणि जे गेलं ते खरंच होतं का?

सोमवारी मी त्याला जे उत्तर दिलं, ते उपनिषदातलं आहे हे मला पुष्कळ पुढे कळलं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच सांगतो. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेनं परत आला. बापानं त्याला विचारलं, जे एक जाणल्यानं न ऐकलेलंही ऐकल्यासारखं होतं, ते शिकलास का? मुलाला ते ठाऊक नव्हतं. मग उद्दालक मातीचा दाखला देतो. मातीचा एक गोळा जाणला की मातीचं सगळंच जाणलं जातं. घडा, परळ ही नुसती बोलण्यातली नावं. खरी काय ती माती. शंकराचार्यांनी या दाखल्यावर केवढी इमारत उभी केली. घडा भासतो, माती असते. जग भासतं, ब्रह्म असतं.

निवृत्तीनंतर चाळीसगावात एका वृद्ध संस्कृत शिक्षकांकडे आम्ही सातआठ जण गुरुवारी जमायचो, तिथं हा अध्याय मी पहिल्यांदा नीट वाचला. वाचताना अंगावर काटा आला. ज्या उत्तराला पुढे इतकी मोठी परंपरा आहे, तेच उत्तर मी आठ वर्षांच्या पोराच्या तोंडावर फेकलं होतं, आणि तिथं ते खोटं ठरलं होतं. उत्तर चुकीचं आहे असं म्हणायची माझी योग्यता नाही. पण ते चुकीच्या वेळी, चुकीच्या तोंडून निघालं होतं हे मला दिसत होतं. काय चुकलं ते मात्र शब्दांत धरता येत नव्हतं.

ते धरायला मदत झाली ती एका अगदी रुक्ष पोथीची. सर आम्हाला पुढे तर्कसंग्रह शिकवायला लागले. अन्नंभट्टांची ही सतराव्या शतकातली पुस्तिका, न्यायशास्त्राची पहिली पायरी. आरंभीच ते सांगतात की बालांना सहज कळावं म्हणून हे लिहिलं आहे. बाल म्हणजे शास्त्रात नवखा, असा त्याचा अर्थ सर सांगायचे. मी तो शब्द वाचला आणि मला तो डबा घेऊन उभा असलेला मुलगाच आठवला.

न्यायवाल्यांचा आवडता पदार्थ घडा. पानोपानी घडा आणि माती. आणि त्यांचं म्हणणं उद्दालकाच्या वाटेनं जात नाही. ते म्हणतात, घडा होण्यापूर्वी घडा नव्हता. मातीत लपून बसलेला नव्हता, कुठेच नव्हता. कुंभारानं केला तेव्हा तो नव्यानं सुरू झाला. याला ते आरंभवाद म्हणतात. सांख्यांचं याच्या उलट. ते म्हणतात, तिळात तेल असतं म्हणून निघतं, वाळूतून काढून दाखवा. जे कारणात आधीपासून नाही ते कार्यात येणार कुठून? यावर नैयायिक विचारतात, घडा मातीत आधीच होता, तर मातीच्या ढेकळानं पाणी का भरत नाही? मी माझ्यापुरतं ते असं वाचलं: पोळ्याला मातीच्या गोळ्याला कोणी नैवेद्य दाखवत नाही. बैलाला दाखवतात.

पुढची गोष्ट पंडितांना बालिश वाटेल, पण ती माझी स्वतःची आहे आणि मी ती शेकडो मुलांच्या हातांवर पाहिली आहे. बैल करायला बसलेली मुलं दोन प्रकारची असतात. काही जण गोळा हातात घेऊन त्यातूनच पाय ओढून काढतात, वशिंड चिमटीनं वर उचलतात, मान लांबवतात, शेपूट ओरबाडून बाजूला करतात. बैल आतच आहे, फक्त बाहेर काढायचा आहे, असे त्यांचे हात चालतात. दुसरी मुलं आधी चार वळ्या करतात, एक लांबट पोट, एक डोकं, दोन कान, सगळं कागदावर ओळीनं मांडतात आणि मग जोडतात. ओढणाऱ्यांचे बैल बसकट होतात, पण वाळल्यावर टिकतात. जोडणाऱ्यांचे देखणे, उंच, पण सांधे निखळतात. जोडायच्या दोन्ही बाजू काट्यानं ओरखडायच्या, मधे पातळ चिखल भरायचा, वरून बोटानं सांधा पुसायचा, आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचं, हे त्यांना शिकवावं लागतं. पायात बळ यावं म्हणून काही जण आत धांड्याची काडी घालतात. माती वाळताना आक्रसते, काडी आक्रसत नाही, म्हणून पाय उभा चिरतो. काडी घातलेला पाय बिनकाडीच्या पायाआधी का मोडतो, याचा शोध दर वर्षी कोणीतरी नव्यानं लावायचा.

तर्कसंग्रह शिकताना मला दिसलं ते हे, की वर्गात सांख्य आणि नैयायिक शेजारी शेजारी बसलेले होते. ओढून काढणारी पोरं सांख्य, जोडणारी नैयायिक. एकाच्या मते बैल मातीतून प्रकटतो, दुसऱ्याच्या मते भाग जुळले की भागांहून वेगळं असं काहीतरी नवं जन्मतं, ज्याला न्यायात अवयवी म्हणतात. तो मुलगा जोडणारा होता. त्याच्या बैलाचा मागचा एक पाय आखूड पडला होता, खाली त्यानं खडा ठेवला होता. त्याच्यासाठी बैल ही सुरू झालेली गोष्ट होती. त्यानं ती सुरू केली होती.

न्यायात अभावाचे चार प्रकार सांगतात. त्यातले दोन मातीच्या कामाचे. वस्तू होण्यापूर्वीचा अभाव तो प्रागभाव. त्याला सुरुवात नसते, पण शेवट असतो; वस्तू झाली की तो संपतो. आणि वस्तू मोडल्यानंतरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. सरांनी हे सांगितलं त्या गुरुवारी मी घरी येऊन जेवले नाही. शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, एका घमेल्यात, माझ्या हातांनी एक अभाव सुरू झाला होता आणि तो अजून चालू होता. कुंभारकाकांची जोडी तो भरून काढू शकत नव्हती. त्या मुलानं स्वतः दुसरा बैल केला असता तरी तो दुसरा झाला असता. आणि हे शास्त्र सांगतं की अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा तो असतो त्याला प्रतियोगी म्हणतात. मारका, बोथट शिंगाचा, आखूड पायाचा तो बैल हा त्या अभावाचा प्रतियोगी. पोरानं दोन काटे पुढे धरले, ते तेवढ्यासाठीच. बैल गेला म्हणजे नेमका कोणता गेला, हे तो मला दाखवत होता.

मग उद्दालक चुकला का? मी हा प्रश्न सरांना विचारला. त्यांनी मला उत्तर दिलं नाही, सहावा अध्याय पुढे वाचायला सांगितलं. पुढे जे आहे ते वाचून मी थक्क झाले, कारण तो तर शाळेतला हस्तव्यवसायाचा तास आहे. उद्दालक मुलाला पंधरा दिवस जेवू नकोस, फक्त पाणी पी म्हणतो, आणि मग वेद म्हणायला लावतो. मुलाला आठवत नाही; मन अन्नावर चालतं हे त्याला स्वतःच्या पोटातून कळतं. वडाचं फळ आण, फोड; आतलं बी फोड; काय दिसतं? काही नाही. त्या काही नाहीतून हा वड उभा आहे. पाण्यात मीठ टाक, सकाळी ये, ते मीठ काढून दे. सापडत नाही. वरून चाख, मधून चाख, तळातून चाख. बाप स्वतः काहीच करत नाही. फळ आणतो मुलगा, बी फोडतो मुलगा, मीठ टाकतो तो, चाखतो तो.

मी उलट केलं होतं. फोडलं मी, आणि तत्त्वज्ञान सांगितलं त्याला. श्वेतकेतूनं आणलेलं फळ उद्दालकानं रात्री गुपचूप फोडून ठेवलं असतं आणि सकाळी म्हटलं असतं, बघ, आत काही नव्हतं, तर श्वेतकेतूच्या हाती काय लागलं असतं? माती खरी आहे हे वाक्य ज्यानं बैल केला त्यानंच, स्वतः तो मोडून, म्हणायचं असतं. दुसऱ्यानं म्हटलं की ते फक्त बळ ठरतं.

पुढं वाचताना असंही कळलं की त्याच मातीच्या दाखल्याचा अर्थ रामानुजाचार्य वेगळा लावतात. घडा ही मातीचीच एक अवस्था आहे, म्हणून तोही खराच, असं त्यांचं म्हणणं. आणि माझे वडील माळकरी असल्यामुळे अमृतानुभव घरात होता, तो मी पुन्हा उघडला. ज्ञानदेव जगाला भास म्हणून झटकून टाकत नाहीत. चैतन्य स्वतःच्या आनंदात नटतं, हा त्याचा विलास आहे, असं ते मांडतात. लहान मूल माती हातात घेतं तेव्हा त्याच्या तोंडावर जे दिसतं, ते मला या चिद्विलासाच्या जवळचं वाटतं. त्याला बैल कशाला हवा असतो असं विचारलं तर त्याच्यापाशी उत्तर नसतं. तो करत असतो.

याच मुद्द्यावर मला आणखी एका घरानं काही शिकवलं. दोनतीन वर्षांनी, त्याच शाळेत, एका मुस्लिम मुलीनं बैल करायला नको म्हटलं. दादाजींनी सांगितलंय, जीव असलेलं काही करायचं नाही. मी तिला चूल आणि जातं करायला दिलं. दुसऱ्या दिवशी दादाजी स्वतः आले. शिवणकाम करायचे, बोटाला अंगुस्तान तसंच. आपल्यामुळे बाईंची अडचण झाली असं वाटून आले होते. त्यांनी मला सांगितलं की जो सजीवाची आकृती घडवतो त्याला कयामतीच्या दिवशी विचारलं जाईल, आता यात प्राण घाल. आणि ते तर माणसाला जमणार नाही. मग थोडं थांबून म्हणाले, पण खेळणं वेगळं. हजरत आयेशा बाहुल्यांशी खेळत असत. त्यांत एक घोडा होता, त्याला कापडाचे पंख लावलेले. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख? तर त्या म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना पंख होते, ऐकलं नाही का तुम्ही? आणि पैगंबर हसले. "खेळायला करू द्या, बाई. पूजेत मांडू नका."

मी त्यांना वचन दिलं आणि पाळलं. त्या मुलीनं शेळी केली, पोटात पिल्लू असलेली. तिची शेळी घरी गेली, पाटावर गेली नाही.

पण त्यांचं ते वाक्य मला आमच्या देवघरात घेऊन गेलं. यात प्राण घाल, हे त्यांच्याकडे माणसाला न पेलणारं आव्हान आहे. आमच्याकडे भाद्रपद चतुर्थीला गुरुजी मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावून नेमकं तेच करतात. दोन्ही धर्म एकमेकांच्या अगदी समोरासमोर उभे आहेत, आणि तरी एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: आकार देणं ही साधी गोष्ट नव्हे. दादाजी त्या भारापायी हात आखडता घेत होते. आम्ही त्या भारापायी विधी करतो. मी, कार्यानुभवाची बाई, त्या शनिवारी त्याला साधी गोष्ट समजले होते. शिक्षणात हाताच्या कामाला जागा मिळावी म्हणून या देशात किती जणांनी जीव टाकला. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली, पुढे १९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. त्या सगळ्यामुळे तो तास माझ्या वेळापत्रकात आला. आणि मी त्या तासाला काय शिकवलं? की तू केलेलं हे सामान आहे, तास संपला की परत करायचं.

पार्थिव हा शब्द आपण सहज वापरतो. पार्थिव गणपती म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मूर्ती मातीची आहे हे कोणी लपवत नाही, शाडूचा भाव करूनच ती घरी येते. पण प्राणप्रतिष्ठेपासून उत्तरपूजेपर्यंत तिला कोणी माती म्हणत नाही. मूर्तीला धक्का लागला तर घरात श्वास थांबतो. मग ठरलेल्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता वाहतात, हातावर दही ठेवतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. तेवढं ते हलवणं. लहानपणी मला वाटायचं, उचलायला सोपं जावं म्हणून. आता वाटतं, सगळा धर्म त्या बोटभर हलवण्यात आहे. ज्याला बोलावलं त्याला निरोप दिल्याशिवाय, परत ये म्हटल्याशिवाय, पाण्यात न्यायचं नाही. माती खरी आणि मूर्तीही खरी, आणि एकीकडून दुसरीकडे जायला मधे एक दार आहे. त्या दारातून विचारून जायचं. मोडणं चुकीचं नव्हतं. उत्तरपूजा न करता मोडलं, हे चुकीचं होतं. आणि ती करायचा अधिकार ज्यानं घडवलं त्याचा.

आणखी एक सांगायला हवं, कारण मला त्याची चिंता वाटते. आता शाळांतून उलटं होताना दिसतं. मुलांनी केलेलं काही मोडायचंच नाही, सगळं चिकटवायचं, फ्रेम करायची, प्रदर्शनात मांडायची, फोटो काढून आईबापांना पाठवायचे. त्यासाठी तयार साचे येतात, तयार डोळे येतात, वाळल्यावर रबरासारखी होणारी रंगीत माती येते. तिचा बैल वर्षानुवर्षं कपाटात तसाच राहतो. हेही मला तितकंच चुकीचं वाटतं. माझ्या नातीकडे अशा मातीचा एक हत्ती आहे. तिनं तो केला त्या दिवसापासून त्याच्याकडे पाहिलेलं नाही. तो मोडत नाही, म्हणून त्याला निरोपही देता येत नाही.

मी आता चाळीसगावात राहते. श्रावणात शनिवारी दुपारी आळीतली मुलं माझ्या अंगणात येतात. माती मी अजूनही भिजवूनच ठेवते, गाळ, राख. लीद मिळत नाही म्हणून गव्हाचा बारीक भुसा घालते. मुलं बैल करतात, घोडे करतात, एकानं गेल्या वर्षी जेसीबी केला. मी एकच नियम घातला आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. आणि जायच्या आधी ज्यानं त्यानं ठरवायचं, घरी न्यायचं की मातीत परत द्यायचं. न्यायचं असेल त्याला मी केळीच्या पानावर ठेवून देते. द्यायचं असेल त्यानं स्वतःच्या हातानं द्यायचं.

बहुतेक जण घरी नेतात. पण दर वेळी दोनतीन निघतात. आपला बैल घेऊन बादलीपाशी बसतात. पहिल्यांदा बसतात तेव्हा मी लांब राहते. कोणी कोणी बैलाशी काहीतरी बोलतात, ते मी ऐकत नाही. परवाच्या शनिवारी सात वर्षांची एक मुलगी बसली होती. तिनं बैल एकदम बुडवला नाही. ओंजळीनं पाणी घालत राहिली. आधी कान गेले. मग वशिंड उतरलं. मग पोट खाली बसलं आणि पायांची ओळख उरली नाही. शेवटी चिखलाच्या लहानशा ढिगातून दोन काटे वर आलेले दिसत होते. तिनं ते काढले, पाण्यात धुतले, फ्रॉकला पुसले आणि कंपासपेटीत ठेवले. मग ढीग उचलून घमेल्यात टाकला आणि त्यावर पोतं ओढलं.